मद्यमुक्तीची मीटिंग : शोध आणि पारख

दारू सोडावी असे ज्याला कित्येक वर्षे वाटत आले आहे, परंतु सोडता आलेली नाही, असा मनुष्य घरच्यांच्या आर्जवामुळे म्हणा, डॉक्टरांच्या निर्वाणीच्या इशाऱ्यामुळे म्हणा, अथवा स्वतःलाच असह्य झालेल्या लज्जेमुळे म्हणा, एके संध्याकाळी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या मद्यमुक्तीच्या संघटनेच्या मीटिंगला जाऊन बसतो, तेव्हा त्याने आपल्या आयुष्यातील फार मोठे धाडस केलेले असते. दुर्दैव असे, की हे धाडस पुष्कळदा त्या एका संध्याकाळीच संपते. खोलीत दहावीस अनोळखी माणसे बसलेली असतात. त्यांतील कोणी त्याच्याहून पुष्कळच वयस्कर, कोणी निराळ्या थरातला, कोणी निराळ्या भाषेत बोलणारा. एखाद्याची कहाणी इतकी भीषण असते, की आपली अवस्था त्या मानाने बरीच म्हणायची असे याला वाटते, आणि घरी परतल्यावर तो सांगतो, की ती मंडळी वेगळी आहेत, माझे तिथे जमायचे नाही. घरचेही हताश होतात. वास्तविक त्याने पाहिलेली असते ती एक मीटिंग, एका वस्तीतली, एका वारी भरणारी, मोजक्या माणसांची. आणि तिच्यावरून त्याने निकाल दिलेला असतो तो संपूर्ण मार्गाविषयी.

या घाईच्या निकालाने जे नुकसान होते ते टाळता येण्याजोगे आहे, असे मला मनापासून वाटते. कारण मीटिंगा परस्परांहून भिन्न असतात ही साधी वस्तुस्थिती नवागताला बहुधा कोणी सांगितलेलीच नसते. या संघटनेला वरून हुकूम सोडणारा कोणी अधिकारी नाही. 1950 साली तिने अधिकृतपणे स्वीकारलेल्या बारा परंपरांपैकी चौथ्या परंपरेनुसार, इतर गटांवर किंवा संघटनेवर परिणाम होईल अशा बाबी सोडल्या तर, प्रत्येक गट आपल्या कारभारापुरता स्वायत्त आहे. त्यामुळे एका गटात एकामागून एक अनुभवकथन चालते, दुसऱ्यात संघटनेच्या पुस्तकातील एखादे प्रकरण वाचून त्यावर बोलले जाते, तिसऱ्यात संघटनेने दारूतून सुटण्यासाठी आखलेल्या बारा पायऱ्यांपैकी एकेक पायरी घेतली जाते. एक गट गंभीर, तर एक मोकळा. एकात जुन्या सभासदांचे वजन अधिक, तर एकात निम्मे लोक वर्षाच्या आतले. ज्याला एक मीटिंग मानवली नाही त्याला दुसरी मानवणार नाही, असे मानण्याला मुळीच आधार नाही. आपली मीटिंग शोधावी लागते, आणि त्या शोधालाही थोडीफार पद्धत आहे.

या शोधाचे महत्त्व किती, हे उपचाराच्या आजच्या परिस्थितीवरून ध्यानात येईल. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली राष्ट्रीय पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार 10 ते 75 वर्षे या वयोगटातील 5 कोटी 70 लाखांहून अधिक माणसांना दारूच्या घातक सेवनामुळे वा पराधीनतेमुळे मदतीची निकड होती. आणि पराधीन झालेल्यांपैकी 38 जणांमागे एकालाच कोणत्याही प्रकारचे साहाय्य लाभलेले होते. उरलेल्या सदतीस जणांना पुरतील इतके मानसरोगतज्ज्ञ आणि इतक्या खाटा नजीकच्या काळात निर्माण होतील असे मानणे धाडसाचे ठरेल. अशा परिस्थितीत जिला फी नाही, अर्ज नाही, प्रतीक्षायादी नाही, अशी मीटिंग हे पुष्कळांना आवाक्यातले एकमेव दार असते.

मात्र त्या दारापर्यंत जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून प्राण गेलेले आहेत. जो मनुष्य दररोज, पुष्कळ प्रमाणात आणि दीर्घकाळ पीत आला आहे, त्याने निश्चयाच्या भरात एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे असते. शेवटच्या पेल्यानंतर काही तासांतच हातांना कंप सुटतो, घाम येतो, झोप उडते; पहिल्या एकदोन दिवसांत आकडी येऊ शकते; आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास काहींना तीव्र भ्रमावस्था येते, तीत नसलेली माणसे व प्राणी दिसतात, ज्वर व नाडी चढते, आणि वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यूही संभवतो. यावर उपाय आहेत. थायमिन हे जीवनसत्त्व आणि कंप-आकडी आवरणारी औषधे यांच्या साहाय्याने हे दिवस सुखरूप पार पाडणे ही डॉक्टरांच्या रोजच्या कामातली गोष्ट आहे. म्हणून सकाळी उठताच ज्याला पिणे भाग पडते, किंवा ज्याला पूर्वी कधी आकडी येऊन गेली आहे, त्याने आधी डॉक्टर गाठावा आणि मग, किंवा त्याबरोबरच, मीटिंग. घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. रुग्णाला न कळवता जेवणात औषध कालवून दारू सोडवण्याच्या जाहिराती ठिकठिकाणी दिसतात. परंतु डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना नकळत दारू प्यायली गेली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते, आणि शिवाय ज्या विश्वासाच्या आधाराने त्याला बरे व्हायचे असते तोच त्याच्याच घरात मोडतो.

आता या मीटिंगांचा उगम. 1935 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातील बिल विल्सन नावाचा एक गृहस्थ ओहायो प्रांतातील ॲक्रन या रबराच्या कारखान्यांच्या शहरी एका कंपनीच्या ताब्यासाठी चाललेल्या झगड्यात हार खाऊन मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटाच येरझारा घालत होता. त्याने दारू सोडून पाच महिने झाले होते. दिवाणखान्याच्या एका टोकाला मद्यगृहातून हसण्याबोलण्याचे आवाज येत होते; दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता आणि त्याच्याजवळ शहरातील चर्चची यादी लावलेली होती. त्या पाच महिन्यांत त्याने न्यूयॉर्कात अनेक मद्यप्यांना उपदेश करून पाहिला होता. त्यांतला एकही सुधारला नव्हता; परंतु त्यांच्यामागे धावताना आपण स्वतः मात्र प्यायलेलो नाही, हे त्याच्या ध्यानी आलेले होते. म्हणून त्याने टेलिफोन उचलला आणि आपल्याला बोलण्यासाठी एखादा मद्यपी हवा आहे, अशी विचारणा सुरू केली. त्या खटपटीतून 12 मे रोजी त्याची गाठ पडली ती डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी. डॉक्टरसाहेब पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते; बोलणे तासन् तास चालले. कारण समोरचा मनुष्य उपदेश करीत नव्हता, स्वतःची कैफियत सांगत होता, आणि तीत डॉक्टरांना पदोपदी आपलीच हकीकत ओळखू येत होती. मध्यंतरी एकवार घसरून, डॉ. स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला तो 10 जूनला, अशी नोंद आहे. आणि तीच तारीख संघटनेचा स्थापनादिन म्हणून पाळली जाते.

हा प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याच्याहूनही बोधप्रद असा चार वर्षांनंतरचा एक प्रसंग आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. आरंभी बिल आणि डॉ. स्मिथ यांच्यामागोमाग दारू सोडणारे लोक ऑक्सफर्ड ग्रूप नामक धार्मिक चळवळीच्या बैठकींतच बसत असत. क्लीव्हलंड शहरातून मद्यप्यांची एक टोळी दर आठवड्याला साठएक किलोमीटरांची मजल मारून ॲक्रनच्या बैठकीला येई. त्यांतील अनेक जण कॅथॉलिक पंथाचे होते, आणि चारचौघांत पापांचा कबुलीजबाब देण्याची त्या चळवळीची रीत त्यांच्या पंथाला मान्य नव्हती. पेच असा पडला, की दारूपासून सुटायचे तर धर्मगुरूचा रोष पत्करावा, आणि धर्मगुरूची मर्जी सांभाळायची तर पुन्हा दारूच्या दाढेत जावे. तेव्हा 1939 च्या मे महिन्यात त्यांनी क्लीव्हलंडमध्ये आपली स्वतंत्र बैठक सुरू केली, आणि नुकत्याच छापून झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या ग्रंथाचे नाव तिला दिले. त्या नावाने भरलेली ही पहिली बैठक. म्हणजे एका ठिकाणी मन रमेना म्हणून दुसरी जागा शोधणे ही या मार्गातील कुचराई नसून, या नावाचा गटच मुळी तशा शोधातून जन्माला आला आहे. पुढे 1941 च्या मार्चमध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकात एक विस्तृत लेख आला, आणि सुमारे दोन हजार असलेली सभासदसंख्या वर्षअखेर आठ हजारांवर गेली.

भारतात हा मार्ग 1957 साली आला, तेव्हा मुंबई राज्यात 1949 च्या कायद्यान्वये दारूबंदी अमलात होती. दुकानांना टाळे होते, परवान्यांचे दफ्तर होते, पोलिसांचे छापे होते. तरीही पिणारा पीतच होता, आणि सोडू पाहणाऱ्याला जी एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे त्याच वाटेने गेलेल्या माणसाची संगत, ती कायद्याच्या कोणत्याही कलमात सापडणारी नव्हती. आज संघटनेचे भारतातील मध्यवर्ती सेवा-कार्यालय मुंबईतच आहे, आणि शहरातील कितीतरी मीटिंगा महापालिकेच्या शाळांच्या वर्गांत अथवा चर्चच्या आवारातील सभागृहांत भरतात. चर्चची जागा पाहून काहींना हे धर्मांतराचे काम वाटते. तसे ते नाही. गट कोणत्याही पंथाचा नसतो, जागेपुरताच तिथे असतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनात सर्वांत मोठी भीती असते ती तिथे नेमके काय होईल याची. म्हणून ते थोडे तपशिलाने सांगतो. मीटिंग साधारणतः एक ते दीड तास चालते. आरंभी संघटनेचा उद्देश सांगणारे एक निवेदन वाचले जाते. मग एखादी छोटी प्रार्थना. चेअरवर बसलेला सभासद, जो त्या दिवसापुरताच चेअरवर असतो, एकेकाला बोलावतो. बोलणारा आपले पहिले नाव आणि आपण अल्कोहोलिक आहोत एवढे सांगून सुरुवात करतो, आणि पूर्वी काय होते, काय घडले, आता कसे चालले आहे, हे आपापल्या परीने सांगतो. याला तिथे शेअरिंग म्हणतात. मध्येच कोणी टोकत नाही, उलटतपासणी घेत नाही, सल्ला लादत नाही. आडनाव विचारले जात नाही, हजेरीपट ठेवला जात नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो. सभासद आपल्या खुशीने त्यात दोन पैसे टाकतात, त्यातून जागेचे भाडे आणि चहा निघतो, आणि बाहेरची देणगी संघटना स्वीकारत नाही. कोणाला दारू सोडून वर्ष झालेले असेल तर त्याचा वाढदिवस साजरा होतो, आणि पन्नाशीतला मनुष्य आपला तिसरा वाढदिवस म्हणून केक कापताना पाहून नवागत चकित होतो. नवागताने बोललेच पाहिजे असे बंधन नाही; आज फक्त ऐकतो, एवढे सांगून बसता येते. सभासदत्वाला एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. सोडलेली असण्याची नव्हे. त्या दिवशी पिऊन आलेल्यालाही, तो गडबड करीत नसेल तर, बसू देतात.

मीटिंगांचे मुख्य भेद दोन. खुल्या मीटिंगला पत्नी, आईवडील, डॉक्टर, विद्यार्थी, कोणीही बसू शकतो. बंद मीटिंग ज्यांना स्वतःला दारू सोडायची आहे त्यांच्यापुरतीच. ज्याचे पाय एकट्याने निघत नाहीत त्याने आरंभी खुली मीटिंग पाहावी, सोबत कोणाला घ्यावे. मात्र लवकरच बंद मीटिंगला जावे, कारण पत्नी शेजारच्या बाकावर असताना मनुष्य जे बोलत नाही ते त्याला कुठेतरी बोलायचे असते. संघटनेच्या संकेतस्थळावर गावोगावच्या मीटिंगांचे वार, वेळ, भाषा व पत्ता यांची यादी मिळते, तिच्या दूरध्वनीवर सभासदच उत्तर देतात, आणि विनंती केल्यास बहुधा कोणीतरी सभासद पहिल्या दिवशी बरोबर यायलाही तयार होतो. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची निःशुल्क मदतवाहिनी 14446 या क्रमांकावर आहे, आणि मनःस्वास्थ्यासाठी 2022 पासून सुरू असलेली टेली-मानस 14416 वर. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने 1986 साली उभे केलेले मुक्तांगण, किंवा मुंबईत फादर ज्यो परेरा यांनी 1981 साली स्थापन केलेली कृपा फाउंडेशन, या उपचारसंस्था होत, मीटिंगा नव्हेत. परंतु आपल्या भागात कोणता गट जोमात आहे हे अशा संस्थांतील समुपदेशकांना चांगले ठाऊक असते.

निवडीच्या कसोट्यांत माझ्या मते पहिले स्थान भाषेला दिले पाहिजे. मुंबईत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा निरनिराळ्या भाषांत मीटिंगा चालतात, आणि सुशिक्षित मनुष्य पुष्कळदा इंग्रजी मीटिंगकडे वळतो, कारण तिथे आपल्या बरोबरीची माणसे भेटतील असे त्याला वाटते. कामकाजाची भाषा कोणतीही असो; परंतु बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकले त्या दिवसाची हकीकत, किंवा बापाच्या दहाव्यालाही शुद्धीवर नव्हतो ही कबुली, ज्या भाषेत ती घडली त्याच भाषेत बाहेर पडते. परक्या भाषेत ती सांगता येते, पण सांगणाऱ्याला तिची झळ लागत नाही. मी तर म्हणेन, की इंग्रजी उत्तम येणाऱ्या मराठी माणसाने निदान काही काळ मराठी मीटिंगला अवश्य बसावे. 2020 नंतर दूरचित्रसंवादावरच्या मीटिंगा रुळल्या, त्यामुळे परदेशी असलेल्यालाही इकडच्या गटात बसता येते, हा मोठाच लाभ झाला आहे. तथापि ज्याच्या गावात प्रत्यक्ष मीटिंग आहे त्याने पडद्यावरच भागवू नये, कारण पडदा बंद करायला एक बोट पुरते.

दुसरी कसोटी वेळेची. प्रत्येक मद्यप्याची एक घटका ठरलेली असते. कचेरी सुटल्यावरची, दुकान वाढवल्यावरची, रात्रपाळीहून परतताना पहाटेची. ती घटका रिकामी राहिली तर आधीच्या साऱ्या निश्चयांचा कस तिथे लागतो. म्हणून शक्य तर मीटिंग नेमकी त्या घटकेला भरणारी शोधावी, मग ती दूर का असेना. अंतराचा प्रश्न इथे येतोच. परंतु रोजची नसली तरी आठवड्यातून दोनतीनदा जाता येईल अशी एक जवळची आणि मनापासून पटलेली एक लांबची, अशी जोड पुष्कळांनी यशस्वीपणे चालवलेली आहे. नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा, ही जुन्या सभासदांची नवागताला नेहमीची शिफारस. नोकरी आणि संसार सांभाळून हे सर्वांना साधत नाही. तिचे मर्म एवढेच, की पहिल्या तीन महिन्यांत संध्याकाळ शक्यतो रिकामी सोडू नये.

लहान गावांतील अडचण निराळी, आणि ती शहरातल्या लेखकांनी हलकी लेखू नये. तालुक्याच्या गावी ज्या वर्गात मीटिंग भरते तिथेच आपल्या मुलाचा शिक्षक, तलाठी किंवा सोसायटीचा सचिव भेटण्याची शक्यता असते. गावाला आपली दारू माहीत असतेच, झाकलेले असे काही उरलेले नसते, तरी सोडतो आहे हे कळण्याची लाज पिण्याच्या लाजेहून मोठी वाटते. अशाने शेजारच्या तालुक्याची मीटिंग खुशाल धरावी. इथे ऐकलेले इथेच राहील हा गटांचा अलिखित करार आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी निष्ठेने पाळला जातो. ज्या गटातील गोष्टी बाजारात येतात असे अनुभवास येईल तो गट तत्काळ सोडावा.

सोडण्याजोग्या गटाची आणखीही काही लक्षणे आहेत, आणि ती न सांगणे ही नवागताशी प्रतारणा होईल. मानसिक आजारासाठी किंवा आकडीसाठी चालू असलेली औषधे बंद कर, ती घेणाराही नशेतच आहे, असे जिथे सांगितले जाते, तिथे क्षणभर थांबू नये. सभासदाने डॉक्टरकी करू नये हे संघटनेच्याच प्रकाशित साहित्यात स्पष्ट म्हटलेले आहे. जिथे एकच मनुष्य वर्षानुवर्षे बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात, जिथे प्रवेशासाठी शुल्क मागितले जाते, जिथे उसनवारी, धंद्याची भागीदारी किंवा पक्षाचा प्रचार चालतो, जिथे नवख्या आणि हळव्या अवस्थेतील स्त्रीशी लगट केली जाते, तिथे गट नावापुरता आहे असे समजावे. याउलट चांगल्या गटाची खूण मला विचाराल तर मी एकच सांगेन. तिथे तुम्ही तिसऱ्यांदा आला नाहीत तर कोणाच्या तरी लक्षात येते, आणि तो फोन करून, कारण न विचारता, पुढल्या मीटिंगचा वार सांगतो. वक्त्यांची छाप, खोलीची टापटीप, सभासदांचा हुद्दा, या गोष्टी त्यापुढे गौण होत. मद्यपी मनुष्याचा बराच काळ असा गेलेला असतो, की त्याच्या न येण्याने लोकांना सुटल्यासारखेच वाटत होते. त्याची उणीव कोणाला भासावी, हा त्याच्यासाठी नवाच अनुभव असतो.

ईश्वराचा उल्लेख अनेकांना खटकतो. बारा पायऱ्यांत तो आहे, प्रार्थनेत आहे, आणि ज्याची श्रद्धा नाही त्याला तो अडथळा वाटणे स्वाभाविक आहे. बिल विल्सनलाही तो वाटला होता. दारूतून सुटलेल्या त्याच्या जुन्या मित्राने, ईश्वराची कल्पना तू तुझीच कर, असे सुचवले तेव्हाच त्याचा मार्ग मोकळा झाला. गटागणिक यावरचा भर कमीअधिक असतो. कोणी उच्च शक्ती म्हणजे विठ्ठल मानतो, कोणी स्वतः तो गटच. तरीही ज्याला हे पटतच नाही त्याने आपल्याला दुसरी वाट नाही असे समजू नये. अमेरिकेत 1975 च्या सुमारास जीन कर्कपॅट्रिक यांनी स्त्रियांसाठी निराळी संघटना काढली. 1994 पासून स्मार्ट रिकव्हरी ही ईश्वरनिरपेक्ष, विचार व वर्तन बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतींवर आधारलेली संघटना काम करीत आहे, आणि तिच्या मीटिंगा इंटरनेटवरून कुठूनही गाठता येतात. मराठी मुलखात मात्र संख्येने आणि पोहोचीने अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच पुढे आहे, हेही तितकेच खरे.

स्त्रियांची वाट अधिक बिकट आहे. पुरुषाच्या पिण्याला समाजाने नावे ठेवली तरी जागा दिलेली आहे. स्त्रीच्या पिण्याला जागाच नाही, म्हणून ती बंद दाराआड पिते आणि उशिरा, बहुधा शरीर खचल्यावर, मदतीला येते. पंचवीस पुरुषांच्या खोलीत एकटीने जाऊन बसणे तिला शक्य होत नसेल तर स्त्रियांसाठीच्या मीटिंगा, प्रत्यक्ष वा दूरचित्रसंवादावरच्या, तिने आधी शोधाव्यात, आणि मार्गदर्शक म्हणून स्त्री सभासदाचीच मागणी करावी. घरच्या माणसांसाठी अल-ॲनॉन ही स्वतंत्र संघटना आहे. बिलची पत्नी लोइस विल्सन आणि तिची एक सहकारिणी यांनी 1951 साली ती आकाराला आणली, आणि मद्यप्यांच्या किशोरवयीन मुलांसाठीची अलाटीन 1957 पासूनची. पती मीटिंगला जायला तयार नाही म्हणून पत्नीने थांबण्याचे काही कारण नाही. नवऱ्याची बाटली लपवणे, त्याच्या वतीने कचेरीत आजारपणाचा निरोप देणे, सावकाराची मुदत भागवणे, यांत आपले आयुष्य कसे झिजले हे तिला तिच्यासारख्या बायकांतच बोलता येते. अल-ॲनॉन नवागतांना सांगते, की निदान सहा मीटिंगा पाहिल्याखेरीज आपले मत बनवू नका. आणि हा सल्ला पिणाऱ्यालाही तितकाच लागू आहे. मी त्यात एवढीच भर घालीन, की त्या सहा एकाच गटाच्या नसाव्यात.

हे सर्व करून उपयोग किती, असा प्रश्न विचारी वाचक विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने 2020 साली 27 अभ्यासांची, त्यांतील 10,565 व्यक्तींची, समीक्षा प्रसिद्ध केली. ज्यांना ठरीव पद्धतीने या मीटिंगांशी जोडून दिले होते त्यांच्यापैकी शेकडा सुमारे 42 जण वर्षाअखेर दारूपासून संपूर्ण अलिप्त होते. अन्य प्रस्थापित मानसोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा 35 होते. म्हणजे मार्ग इतरांच्या तोडीचा, किंबहुना किंचित सरस. पण वर्षाच्या आत निम्म्याहून अधिक जण एकदा तरी पितात, हेही त्याच आकड्यांत आहे. ही गोष्ट नवागताला आधीच सांगून ठेवावी असे माझे मत आहे, म्हणजे घसरलेला मनुष्य तोंड लपवून बसणार नाही. मीटिंगच्या भाषेत याला स्लिप म्हणतात, आणि स्लिप होऊन परतलेल्याला तिथे सहसा कोणी जाब विचारत नाही. त्याने पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागायचे असते, एवढेच. त्याच गटात परतण्याची फारच लाज वाटली तर दुसऱ्या गटात जावे, परंतु त्याच आठवड्यात जावे.

वरील आकड्यांत आणखी एक गोष्ट अध्याहृत आहे. जोडून देणे याचा अर्थ नुसता पत्ता हाती देणे नव्हे. ज्याला फायदा होतो तो मागल्या बाकावर बसून उठून जात नाही; तो एक गट आपला मानतो, ज्याला होम ग्रूप म्हणतात, एखाद्या जुन्या सभासदाला स्पॉन्सर म्हणून धरतो, आणि गटाचे काहीतरी काम अंगावर घेतो. स्पॉन्सर निवडताना पदवी किंवा वक्तृत्व पाहू नये. किमान वर्षभर दारूपासून दूर असलेला, पायऱ्यांचे काम स्वतः केलेला, रात्री अकराला केलेला फोन उचलणारा आणि आपल्याला न आवडणारे सत्य सांगू शकणारा मनुष्य पाहावा. न जमल्यास स्पॉन्सर बदलता येतो. त्यात मानापमान नसतो. आणि कामाच्या बाबतीत, खुर्च्या मांडण्याचे किंवा चहाचे काम नवख्याने आनंदाने पत्करावे, कारण ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला मीटिंग बुडवता येत नाही.

नोकरीत बदली होणाऱ्यांना हे सारे पुनःपुन्हा करावे लागते, आणि जुना गट सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे त्यांच्यासाठी विशेष जोखमीचे असतात. त्यांनी बदलीचा हुकूम हाती पडताच घराचा शोध सुरू करण्याबरोबर नव्या गावच्या मीटिंगांची यादीही मागवावी, तिथल्या एखाद्या सभासदाचा दूरध्वनी क्रमांक आपल्या स्पॉन्सरकरवी मिळवून त्याच्याशी आधी बोलून ठेवावे, सामान लागण्याची वाट न पाहता पोहोचल्या दिवशीच संध्याकाळी पहिली मीटिंग गाठावी, आणि नवा गट पुरता आपलासा होईपर्यंत जुन्या गटाच्या मीटिंगला फोनवरून हजर राहण्याचा परिपाठ मोडू नये.